तिसऱ्या नावानंतर

लेस्टेर, कॅरियाकू बेट
१२ जानेवारी २०२५

इसोलिन,

पुण्यात माझे गुरुजी पत्राच्या माथ्यावर आधी आशीर्वाद लिहीत आणि खाली रागवत. मी थोरला भाऊ असलो तरी आशीर्वाद देण्याचं धाडस सध्या माझ्यात नाही, आणि रागवण्याचा अधिकार आईच्या दफनाच्या दिवशीच तू काढून घेतलास. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. फोनवर तू मला बंद केलं आहेस हे दोन वर्षांत माझ्या ध्यानात आलं. पंडित मंद असतो, पण अगदीच दगड नसतो. टपालाला मात्र अजून कुणी बंद करू शकलेलं नाही.

जुलैच्या वादळाची बातमी तुला हडर्सफील्डमध्ये आमच्या आधी कळली असेल. गेलिनो काका म्हणतात, इथं नारळ पडला तर त्याचा आवाज आधी तुमच्या गल्लीत ऐकू येतो. आपलं छप्पर गेलं. शेजारच्या टँटी ऑरेलियाच्या आंब्यावर ते दोन आठवडे वाळत पडलं होतं. आईच्या थडग्यावर बसवायचा दगड मात्र तिच्या खाटेवर, पांढऱ्या चादरीखाली, जसा निजवला होता तसाच होता. या घरात न डगमगलेली ती एकटीच. जिवंतपणीही तसंच होतं.

आता मुद्द्यावर येतो. समुद्र दफनभूमीत शिरला आहे. खालच्या दोन ओळी गेल्या. आईपासून पाणी आता अकरा पावलांवर आहे, मी मोजली. जूनमध्ये पुन्हा वादळांचे दिवस लागतील, त्याआधी तिला टेकडीवरच्या नव्या जागेत हलवायचं, त्याच दिवशी दगड बसवायचा, ढोल करायचा, पूर्वजांसाठी बिनमिठाचं ताट मांडायचं, असं ठरतं आहे. आणि ढोल म्हटलं की चांबाची हाक आली, त्या तालावर आपल्या मृतांची नावं घेणारी.

ती हाक ज्या कॅसेटवर होती ती वादळात भिजली. संगणकात उतरवून ठेवली होती, तो संगणक आता कोंबडीच्या अंड्यांना आसरा देतो. सगळं त्यात होतं, सगळं गेलं. तुला हाक येते. फोनमध्ये गाऊन ध्वनिमुद्रण पाठवलंस तर काम भागेल. दहा मिनिटांचं काम आहे. बोलायची गरज नाही, नुसतं गा.

थिओफिलस


९ फेब्रुवारी २०२५

इसोलिन,

उत्तर नाही. टपालावर दोष ढकलावा असा विचार होता, पण पोस्टातली बाई म्हणाली, "पोचलं असणार, टीचर. लोकांना पत्रं मिळतात, फक्त आवडत नाहीत." इतकं निर्मळ भाष्य मी बऱ्याच टीकाग्रंथांत वाचलेलं नाही.

गेलिनो काकांकडे गेलो होतो. मोठा ढोल अजून त्यांच्याच हाती आहे, मात्र आता ढोल कोणता आणि पोट कोणतं हे लांबून कळत नाही. शेळीचं नवं कातडं ताणत बसले होते. मी म्हटलं, इसोलिन फोनवरून हाक पाठवेल, आपण ती मोठ्या आवाजात लावू, तुम्ही साथ द्या.

काकांनी मान वर केली नाही. "पुना," (अजून मला त्याच नावानं हाका मारतात, जणू मी भारतात शिकायला नाही, विकायला गेलो होतो) "पुना, यंत्राला मी ढोल देत नाही."

"काका, आवाज तिचाच असेल."

"आवाज तिचा, कान कुणाचे? मी हातानं विचारतो, ती गळ्यानं सांगते. ती थांबली तर मी थांबतो, तिचा श्वास लांबला तर मी थाप लांबवतो. तुझं यंत्र माझ्यासाठी थांबणार आहे का?"

"नाही."

"मग त्याच्याशी तूच नाच."

मी म्हटलं, निदान हाकेशिवाय दगड तरी बसवू. त्यावर त्यांनी कातडं खाली ठेवलं. "झोपलेल्या बाईला न सांगता खाटेसकट उचलतो का कुणी? आधी हाक मारतात. नावं एकेक करून सांगतात, म्हणजे तिला कळतं आपण कुणाच्या मागे जाऊन उभं राहायचं. नाहीतर टेकडीवर ती परकी. तुझ्या आईला परकी म्हणून उभी करणार असशील, तर ढोल तू वाजव, मी बघायला येतो."

टँटी ऑरेलियाला विचारलं, तुम्ही चाळीस वर्षं आईच्या मागे गात होतात, तुम्हाला हाक येत असेल. ती म्हणाली, "मला उत्तरं येतात रे. प्रश्न फिलोमेन विचारायची."

मला काय येतं असं तू विचारशील. मला चाल येते, पहिली तीन नावं येतात. पुढचं यंत्राकडे ठेवलं होतं.

दफनाच्या दिवसाबद्दल तू रागावली आहेस, ते मी समजू शकतो. तू तीन विमानं बदलून हाक मारायला आली होतीस आणि मी स्पीकर लावला. तुझा गळा तेवीस वर्षं तिकडच्या धुक्यात होता. तू मधेच अडखळलीस तर चारचौघांत शोभणार नाही, असं मला वाटलं. आईच्या आवाजात आईची पाठवणी, यात अशास्त्रीय काय आहे, असंही वाटलं. क्षमायाचनेचं गाणं न गाता, रम आणि पाणी न शिंपडता, ताट न मांडता पूर्वजांना हाक गेली, हे माझं चुकलं. बायकांनी उत्तर दिलं नाही. काकांनी थोडी साथ दिली, मग ढोल आडवा केला. माणसांनी भरलेल्या दफनभूमीत आई एकटीच गात होती, आणि तू उघडलेलं तोंड मिटून फाटकाकडे चालू लागलीस. एवढं मी कबूल करतो.

म्हणून आता फोन राहू दे. तू ये.

थिओ


१६ मार्च २०२५

इसोलिन,

तुझं पोस्टकार्ड शुक्रवारी आलं. पुढे रेल्वे स्टेशनचं चित्र, मागे तीन शब्द: "नाव कुठे गेलं?" सहीसुद्धा नाही. सूत्रकारांनाही इतका संक्षेप जमला नसता. पण सूत्रावर भाष्य मलाच लिहावं लागणार, हे तू जाणूनच पाठवलंस.

दोन दिवस मी उत्तर तयार करत होतो. दोन्ही उत्तरं सभ्य होती. दोन्ही फाडली.

तू समजतेस की तुझं नाव मी कापलं. अठ्ठ्याण्णव साली आजीच्या दगडाच्या दिवशी आईनं हाक मारली, सगळ्या मृतांची नावं घेतली, शेवटी आजीचं घेतलं, आणि आपल्या घराच्या रीतीप्रमाणे त्यानंतर पुढे हाक कोण मारणार त्या जिवंत माणसाचं नाव घेतलं: इसोलिन. तू तिथं टँटीशेजारी उभी होतीस, एकवीस वर्षांची, तू ते कानांनी ऐकलंस. आणि दफनाच्या दिवशी स्पीकरमधून आई तिसऱ्या नावावरून थेट शेवटच्या थापेवर गेली. मधली माणसं नाहीत, आजी नाही, तू नाहीस. तू काय समजणार?

मी कापलं नाही. मुळात ते कधी पकडलंच गेलं नव्हतं.

त्या दिवशी मी आत होतो, खिडकीला मायक्रोफोन टांगून. पुण्याहून येऊन मला दोन वर्षं झाली होती. तिथं मी एका पाठशाळेच्या खिडकीखाली उभा राहून ऐकत असे: तेच शब्द सुलटे, मग उलटे, मग जोडी-जोडीनं, मग तिघा-तिघांच्या गाठी घालून, म्हणजे एक अक्षरही निसटू नये. हे सगळं पाहून आलेला शहाणा मी आपल्या घरी काय घेऊन आलो, तर दोनच बाजू असलेलं यंत्र. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. क्षमायाचना लांबली, क्रोमांटी कुळाची गाणी लांबली, चांबा येईतो फीत संपत आली होती. आईनं तिसरं नाव घेतलं आणि बटण टकदिशी वर आलं. मी कॅसेट काढली, फीत सैल पडली होती, पेन्सिलनं आवळली, हाताला घाम, कॅसेट उलटी घातली, परत काढली, सुलटी घातली. पुन्हा आवाज पकडू लागलो तेव्हा काका शेवटची थाप देत होते.

दगडाच्या दिवशी मारलेली हाक घरातल्या पुढच्या मरणापर्यंत कुणी ढोलावर मारत नाही. पुढचं मरण कुणाचं, हे मला माहीत होतं. मग "आई, पुन्हा म्हण" असं कुठल्या तोंडानं म्हणू?

आई बाहेरून आली, घामानं निथळत. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आलं ना सगळं तुझ्या डब्यात?"

मी म्हटलं, "आलं."

हा एक शब्द. पुढचं सगळं त्याच्यातून निघालं. ती तुला म्हणाली, "जा मग. गाणं घरात राहिलं आहे, तू नर्स हो." तू घुटमळत होतीस. धक्क्यावर तू मला विचारलंस, "खरंच पूर्ण आहे?" आणि मी तुला शिकवल्यासारखं सांगितलं की कंठ नश्वर असतो, फीत टिकते. तू बोटीत चढलीस.

पुढे संगणक आला तेव्हा मी दोन्ही बाजू एकत्र जोडल्या. थाप थापेवर बसवली. जोड इतका सफाईदार झाला की मलाच तो ऐकू येईनासा झाला. भोक असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं, इथं काय होतं? मी भोक बुजवलं, त्यासरशी साध्या चुकीचं खोटं झालं. आठ माणसं मी त्या जोडात पुरली, आणि त्यांच्यापाठोपाठ तुलाही.

त्यानंतर चोवीस वर्षं आई जिवंत होती. तू जाण्याआधी अंगणात कपडे धुताना ती तुला नावं कुजबुजून पाठ करून देत असे. पुढे मीही पाटी घेऊन शेजारी बसलो असतो तर तिनं मलाही दिली असती. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायचं.

वादळाबद्दल मी पहिल्या पत्रात "सगळं त्यात होतं" असं लिहिलं आहे. ते वाक्य खोडून वाचावं. वादळानं जे नेलं ते अर्धंच होतं, आणि खरं सांगू? संगणक भिजलेला पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. छप्पर उडालेल्या घरात उभा राहून ज्याला हायसं वाटतं, तो माणूस किती वर्षं काय धरून बसला असेल, ते तू नर्स आहेस, तुला कळेल.

पाणी आईपासून सात पावलांवर आलं आहे.

थिओ


१३ एप्रिल २०२५

इसोलिन,

शनिवार, २६ एप्रिल ठरला आहे. त्यापुढे थांबता येत नाही. परवा भरतीला आईच्या खालची ओळ गेली. ख्रिश्चन माणसांची हाडं समुद्रात गेली, आणि टँटी म्हणते, "ज्या वाटेनं साखळ्यांत आणले होते त्या वाटेनं परत निघाले बिचारे, तेही तिकिटाविना."

तुझं उत्तर नाही. मागितलेलंही नव्हतं.

मी काकांना सगळं सांगितलं. कॅसेट, पेन्सिल, जोड, "आलं". त्यांनी ढोलाची एक दोरी ओढून आवळली. मग म्हणाले, "म्हणजे दफनाच्या दिवशी तिसऱ्या नावानंतर माझा हात चुकला नव्हता?"

मी म्हटलं, नाही. तुमचा हात बरोबर होता, फीत चुकीची होती.

"अडीच वर्षं मी समजतोय की मी म्हातारा झालो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तेव्हापासून मी चांबा वाजवलेला नाही, पुना. हाताची भीती वाटायला लागली होती."

तू आणि आजी या दोघींचं ओझं मी मोजलं होतं. या म्हाताऱ्याचे हात माझ्या हिशेबात नव्हते.

मग मी विचारलं, शनिवारी काय करू? ते म्हणाले, "क्षमायाचनेचं गाणं कशासाठी असतं असं तुला वाटतं? नुसती सुरुवात म्हणून? गुडघे टेक आणि सांग. सगळ्यांसमोर. मग तुझी तीन नावं म्हण. पुढे जे होईल ते होईल."

"आणि पुढे काहीच झालं नाही तर?"

"तर तुझी आई तिसऱ्या नावामागे उभी राहील. तुझ्या पणजोबांच्या आजोबांच्या शेजारी, ओळखदेख नसताना. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, ती भांडेल."

शुक्रवारची बोट साडेपाचला येते. मी धक्क्यावर असेन. नाही आलीस तरी मी समजून घेईन, असं लिहिणार होतो, पण या वर्षी एवढंच ठरवलं आहे की लिहायचं ते खरं लिहायचं.

थिओ


४ मे २०२५

इसोलिन,

तू सोमवारी गेलीस आणि आज रविवार. तू इथं चार दिवस होतीस, त्यात आपण एकूण सोळा शब्द बोललो, त्यातले अकरा तुझे. म्हणून पत्र लिहितो. सवय जडली आहे.

तू गायलेलं तुला सांगण्यात अर्थ नाही. पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते तुला ठाऊक नसेल.

शुक्रवारी धक्क्यावर मी शेवटचं माणूस उतरेपर्यंत थांबलो. दोन बकऱ्या आणि एक फ्रीज उतरला. तू नाहीस. तू गुरुवारच्याच बोटीनं येऊन टँटीकडे लपली होतीस, हे सगळ्या गावाला माहीत होतं. टँटी दोन दिवस दोन ताटं वाढत होती, एक तिच्यासमोर, एक पडद्यामागे, आणि मी तिथं बसून मक्याचा कूकू खात तिला सांगत होतो की तू येणार नाहीस. पोस्टातली बाई मला बघून खोकत होती. मी विद्वान, मला वाटलं, साथ आली आहे.

शनिवारी सकाळी आईला वर आणलं. पेटी हलकी होती. दगड चादरीत गुंडाळून चौघांनी नेला, तो मात्र जड होता. बिनमिठाचं मटण आणि मुठींनी वळलेला भात ताटात मांडला. मी रम आणि पाणी शिंपडलं आणि गुडघे टेकले. बायकांनी क्षमायाचना गायली, आणि ती संपल्यावर उठायचं सोडून मी तसाच राहिलो.

मी काय बोललो ते तू ऐकलंस, गर्दीतून की झाडामागून, ते मला माहीत नाही. मला स्वतःला आठवतं ते एवढंच की "आलं" हा शब्द मी म्हटला तेव्हा मागे कुणाचं तरी भांडं खाली पडलं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. काकांनी ढोलाच्या तोंडावरचा, थापेबरोबर खणखणणाऱ्या सुयांचा दोरा सारखा केला आणि चांबा सुरू केला. अडीच वर्षांनी. पहिल्या दोन थापा त्यांनी इतक्या हळू मारल्या, जणू कातड्याखाली कुणी निजलं आहे.

मी पहिलं नाव घेतलं. बायकांनी उत्तर दिलं. दुसरं घेतलं. उत्तर आलं. तिसरं घेतलं, आणि तिथं माझी फीत संपली. काका थाप देत राहिले, त्याच जागी, पुढे न जाता, एखाद्याला दार उघडून धरावं तशी. त्या थापा मी मोजल्या. एकोणीस. प्रत्येकीत मला समुद्र ऐकू येत होता.

विसाव्या थापेवर तू चौथं नाव घेतलंस.

मी मागे वळलो नाही. वळलो तर तू थांबशील असं वाटलं. तुझा आवाज आईसारखा नाही, इसोलिन. जाड आहे, मधेच घासतो, आणि सातव्या नावाला तू खरंच अडखळलीस. मी ज्याला भ्यालो होतो तेच झालं. आणि काय झालं? काका थांबले. तू श्वास घेतलास. त्यांनी पुन्हा थाप दिली आणि तू ते नाव पुन्हा घेतलंस. यंत्राला जे येत नाही ते हेच, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून कळलं.

आजी आली. तिच्यामागे फिलोमेन आली, आणि बायकांनी इतक्या जोरानं उत्तर दिलं की आई नक्कीच म्हणाली असेल, बहिरी नाही मी. मग फक्त पुढच्याचं नाव उरलं. कोण? तुला मूल नाही. मला वाटलं, काकांची नात घेशील, तिचा गळा चांगला आहे. तीही झगा सावरून तयार उभी होती.

तू म्हणालीस, "थिओफिलस."

काकांची थाप चुकली. या वेळी खरंच चुकली, आणि ते स्वतः इतके हसले की ढोल पायांतून सुटला. टँटी म्हणाली, "अरे देवा, आता बकरे तरी पळून जातील." आणि कुणीतरी उत्तर दिलं. मग सगळ्यांनी दिलं. नाव ढोलावर घेतलं गेलं म्हणजे ते आता परत घेता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. दया होती की शिक्षा, ते मी अजून ठरवतो आहे. बहुधा तू नर्स म्हणूनच वागलीस: औषध तेच, फक्त कडू.

फोन वर धरून तीन-चार जणांनी सगळं टिपलंही. तू त्यांना अडवलं नाहीस. "टिपू दे," असं टँटीला म्हणालीस म्हणे, "पण यानं पाठ करायचं."

सोमवारी धक्क्यावर तू माझ्याशी बोललीस ते अकरा शब्द मी मोजले नसते तर नवल: "रविवारी सहाला फोन उचल. नावं लिहून काढलीस तर पुन्हा बंद करीन." म्हणून इथंही एकही नाव लिहिलेलं नाही, आणि ध्वनिमुद्रणं ऐकलेली नाहीत. रोज संध्याकाळी काकांच्या अंगणात बसतो. ते मांडीवर थाप देतात, टँटी उत्तरं देते आणि वर चिडवते. तू सोमवारी बोटीच्या शिट्टीत कानाशी घाईघाईनं दिलेलं चौथं नाव मी आठवडाभर घोळवतो आहे. ते शब्द मोजलेल्या अकरांत धरलेले नाहीत.

वही बाहेर पडवीत ठेवली आहे आणि दार लावून घेतलं आहे. सहाला पाच मिनिटं कमी आहेत. तिसऱ्या नावापर्यंत ठीक जातं. त्यानंतर, जिथं मी पेन्सिल शोधत होतो अगदी तिथंच, माझा श्वास अजून तुटतो. तुटला तर थांबशील ना?

थिओ